घडी मोडलेल्या गाड्या

मोशी,
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप रंगरावमामांच्या पायांशी भाचा रविराज याचा दंडवत. दंडवत घातल्यावर उठायची ताकद राहिलेली नाही, म्हणून पुढचं सगळं तिथूनच लिहितो आहे असं समजा.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी मीठ कमी केलं का? (त्यांनी केलं असेल तर तुम्ही वरून घेत असाल, मला माहीत आहे.) इकडे आई ठणठणीत आहे, तुमची सूनबाई विजयश्री ठणठणीत आहे, सगळं घर ठणठणीत आहे. फक्त माझं होत्याचं नव्हतं झालं. फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि ओसरीवर चार माणसं बसलेली असतात. भाच्याचा हुंदका त्यांना कशाला ऐकवायचा?

मामा, माझ्या गाड्या तुम्ही पाहिल्या आहेत. ("पोरगी कालेजात गेली, मग ही खेळनी कुनाची?" असं तुम्ही शेजाऱ्यांसमोर विचारलं होतंत. मी विसरलेलो नाही.) ती खेळणी नव्हेत हो! धातूत ओतलेली, खऱ्या गाडीची हुबेहूब छोटी मॉडेलं आहेत. आणि त्यांचा पहिला नियम म्हणजे खोकं उघडायचं नाही. सीलबंद आहे तोवर रत्न, उघडलं की खेळणं. तुम्ही म्हणाल हा कसला नाद, घ्यायचं आणि हातही लावायचा नाही? मग मामींच्या कपाटात घडी न मोडलेली पैठणी किती वर्षं आहे, ते आधी सांगा. शिवाय मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. दिवसभर लोकांच्या मालातल्या चुका काढायच्या आणि शिव्या खायच्या. घरी आल्यावर एक कपाट तरी असं हवं ना, ज्यात चूक म्हणून नाही.

आता मुद्द्यावर येतो. वाकडला केयूर म्हणून एक आयटीतला मुलगा आहे, त्यालाही हाच नाद. त्याच्याकडे मॅटाडोर आहे. मॅटाडोर, मामा! आमच्या आप्पांनी आकुर्डीच्या कंपनीत जिच्यापायी उभी हयात काढली, तीच व्हॅन, लहान मापात. एका हौशी माणसाने मोजक्याच बनवल्या, पुन्हा बनवणार नाही म्हणतो. आप्पा गेल्यापासून मी तिच्यावर डोळा ठेवून आहे. कपाटातली मधली जागा मी तिच्यासाठी रिकामी ठेवली होती, तिथे दुसरं काही ठेवू दिलं नाही, विजयश्रीचा गणपतीसुद्धा नाही. किती विनवण्या केल्या तेव्हा केयूर कबूल झाला: माझ्या पाच गाड्यांच्या बदल्यात त्याची मॅटाडोर, दसऱ्याच्या मुहूर्तावर, आमच्या घरी. अट एकच. सील तुटलेलं चालणार नाही.

खंडेनवमीला आमच्या कंपनीत यंत्रांची पूजा असते हे तुम्हाला माहीत आहेच. मी स्वतः पुढे होऊन मापाच्या गेजला, मशिनला, फोर्कलिफ्टला कुंकू लावलं, पेढे वाटले, आणि उद्या मॅटाडोर येणार म्हणून शीळ घालत घरी आलो. दार उघडलं आणि तिथेच थिजलो.

हॉलमध्ये पाट मांडलेला. पाटाभोवती रांगोळी. आणि पाटावर, खाली फरशीवर, टीव्हीच्या टेबलावर माझ्या सगळ्या गाड्या, उघड्या! सील नाही, खोकं नाही, काही नाही. प्रत्येकीच्या टपावर कुंकवाचं बोट, काचेवर हळद, पुढे झेंडूची एकेक पाकळी. चाकाखाली लिंबू चिरडायची पद्धत, पण लिंबू गाडीपेक्षा मोठं, म्हणून आईने उसळीला भिजवलेले वाटाणे चाकाखाली चेंगरलेले. मी म्हटलं, आई, हे काय केलंस? तर म्हणते कशी, "आरं, वरीसभर खोक्यात गुदमरल्यात बिचाऱ्या. पूजंला तरी भाइर काढाव्यात का न्हाई?" विळीवर धरून एकेक खोकं चिरलं, माऊलीने. बरं, पूजेआधी धुतल्यासुद्धा. एक सोनेरी गाडी होती, ती पितळेची वाटली म्हणून चिंच लावून घासली. आता ती चंदेरी आहे.

मी नको इतकं ओरडलो. त्यावर आईने शांतपणे विचारलं की तू कंपनीतल्या परक्या मशिनला कुंकू लावून आलास, मग घरच्या गाड्यांनीच काय घोडं मारलंय? मामा, मी क्वालिटीत इतकी वर्षं काढली, भल्याभल्या सप्लायरना गप्प केलं. इथे मात्र मी बूट काढायला खाली वाकलो.

तरी म्हटलं, खोकी तरी वाचवू, गाड्या परत आत घालून चिकटवता येतील. (हे पाप आहे. पण माणूस बुडायला लागला की काहीही धरतो.) तर खोकी घंटागाडीत गेलेली! विजयश्रीने सुका कचरा वेगळा करून दिला होता, वर मला म्हणाली, नीट घड्या घालून दिलाय हो. मी स्कूटर काढली आणि थेट कचरा डेपोच्या गेटवर गेलो. वॉचमन भला माणूस, माझा अवतार बघून घाबरला. सोनं गेलं का साहेब, म्हणाला. म्हटलं, नाही. मग कागदपत्रं? नाही. मग होतं काय? मी म्हटलं, रिकामी खोकी. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि घरी कुणी आहे का न्यायला, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी केयूर आला. त्याला नको येऊस म्हणून कळवायचा धीर मला झाला नव्हता. हातात मॅटाडोरचं सीलबंद खोकं. आत आला आणि माझ्यासारखाच थिजला. मी मान खाली घालून बसलो होतो. थोड्या वेळाने वर बघतो तर हा फरशीवर मांडी घालून बसलेला आणि माझी जीप वाटाण्यांवरून पुढे-मागे चालवतोय! लहान मुलासारखा हसत होता. म्हणाला, "दादा, चाकं फिरतात हो यांची!" आमच्यापैकी कुणी आजवर चाक फिरवून बघितलंच नव्हतं. आणि मग, मामा, त्याने मॅटाडोरचं खोकं आईपुढे धरलं. "आजी, माझ्या गाडीचीपण करा ना पूजा." मी नको नको म्हणेपर्यंत विळी चालली होती. जिच्यासाठी मी झुरलो तिचं सील माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच आईच्या हातून फुटलं. वरून कुंकू लागलं. आणि एवढं झाल्यावर केयूर काय म्हणाला असेल? आता ती देववत नाही म्हणाला! खिशात घालून, आपट्याची पानं देऊन, आईच्या पाया पडून निघून गेला.

तेव्हा मामा, मी हा नाद सोडला. कायमचा सोडला. यापुढे लहान गाडी म्हणून माझ्या घरात येणार नाही, आईची शपथ. आपलं वय झालं, संसाराकडे बघावं, हेच खरं. मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला हादरलेला भाचा,
रविराज

ता. क. शपथ लहान गाडीची आहे, हे आपल्या लक्षात आलं असेलच. तुमच्या गोठ्यामागे जी मॅटाडोर उभी आहे, आप्पांच्या ओळखीने तुम्ही घेतली होतीत ती, ती तुम्ही भंगारात घालणार असं मामींकडून कळलं. घालू नका. मला द्या. ट्रकवर चढवून आणायचं मी बघतो. सोसायटीत माझं पार्किंग एकच आहे, पण माझी गाडी मी रस्त्यावर लावीन. आतल्या कोंबड्यांचं तेवढं दुसरीकडे बघा.

ता. क. दुसरा. हे विजयश्रीला अजून माहीत नाही. सांगायचं काम तुमच्याकडे.

ता. क. तिसरा. खरं सांगू का मामा, ही कल्पना माझी नाही, आईची आहे. केयूर गेल्यावर ती रांगोळी पुसता पुसता म्हणाली, रंगाकडची मोठी आण. मी म्हटलं, अगं ती चालत नाही, घेऊन करणार काय? तर म्हणाली, चालाया कशाला पायजे? तुझा बाप दारं बसवायचा त्या गाड्यांना. रोज सकाळी एकदा उघडून लावून बघीन. तेव्हा गाडी पाठवायला उशीर झाला तरी हरकत नाही, भंगारवाला इंजिन मागत असेल तर तेही देऊन टाका, पण दारांना कुणाला हात लावू देऊ नका.