जाते म्हणू नये

दि. २८ मे २०२५
वरची वाडी, ता. वेल्हे

चि. सौ. मंगल हिला आईचा पोटभर आशीर्वाद.

तुझी कंबर आता कशी आहे? ओव्याचा शेक सोडू नको. रोहिदासरावांचा खोकला गेला का? सुरतेच्या गिरणीतली धूळ ती, तरी सुंठ-गूळ देत जा. स्वरूपची दाढ निघाली का अजून रडवते? विहीणबाईंच्या डोळ्याची पट्टी सुटली असेल. त्यांना म्हणावं, चंद्राबाईनं विचारलंय, आता तरी सुनेचे गुण दिसतात का. हितं मी बरी. काळ्या शेळीला दोन करडं झाली. तुझी कोमलही बरीच असणार.

फोन का केला न्हाई म्हणशील. रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं, अन् तिथं चार माणसं कान देऊन उभी. कागद बरा. मधे बोलत न्हाई. कोमलच्या पुस्तकांवरून गिरवलेलं माझं अक्षर आहे, समजून घे.

तर वाडीत अमेरिकेच्या पोरी आल्या होत्या. व्हॉलीबॉलचा संघ. त्यांच्या येशूच्या नावानं सुट्टीत परमुलखात जायचं अन् तिथल्या लोकांचं काहीतरी काम करून द्यायचं, अशी त्यांची रीत. आपली झऱ्याची वाट वाहून गेलेली, ती त्यांनी दगड वाहून बांधली. एकेक पोर ताडाएवढी, उन्हानं टोमॅटोसारखी लाल. सकाळी दगड, संध्याकाळी भैरवनाथाच्या पटांगणात जाळी बांधून खेळ. पहिल्या दिवशी कोमल कडेला उभी होती. दुसऱ्या दिवशी जाळीपाशी. अशी उडी मारायची, मला वाटायचं ही आता खाली येतच न्हाई.

जेवण माझ्याकडं. ताटं वाढली की सगळ्या डोळे मिटून बसायच्या. तुझे गेनबातात्या म्हणाले, "काय करत्यात ह्या? भाकरी गार व्हायला लागली." त्यांच्यासंगं पुण्याची शेफाली होती, त्यांच्याच धर्माची. ती म्हणाली, "अन्न दिलं म्हणून देवाचे आभार मानतोय, आजोबा."

"अन् भाकऱ्या थापल्या आमच्या वैनीनं. देवाला फुकटचं नाव."

शेफालीनं ते इंग्रजीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्रार्थनेत मधेच 'चंद्राबाई' ऐकू आलं. त्या दिवशी माझी भाकरी करपली.

निघायच्या वेळी सगळ्यात उंच ती केटी माझ्या पाया पडली अन् शिकून ठेवलेलं मराठी बोलली, "आजी, जाते." मी तिला हाताला धरून परत ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं. म्हटलं, "जाते म्हणू नये, बाई. जाते म्हटलं की माणूस परत येत न्हाई. येते म्हण." शेफालीनं साऱ्यांना समजावलं. टेम्पो हलला तशा आतून सगळ्या ओरडायला लागल्या, येते, येते. वाडी हसून लोटपोट.

मंगल, त्या टेम्पोत कोमल होती.

शेफाली राहते त्या पुण्याच्या होस्टेलात जागा आहे. तिथं राहून कॉलेज करायचं अन् खेळायचं. कोमलनं मला विचारलं तेव्हा मी शेळीचं दूध काढत होते. म्हटलं, "रविवारी उत्रोलीचे पाहुणे तुला बघायला येणारेत. तुझ्या बापानं ठरवलंय."

म्हणाली, "ते मला बघतील. मी काय बघू, आजी?"

मी दुधाचं भांडं खाली ठेवलं. तुला विचारायला हवं होतं. पण तू रोहिदासरावांना विचारलं असतंस, अन् पुढचं तुलाही ठाऊक. पोर अठराची झाली. मी हो म्हटलं, माझी घोंगडी बांधून दिली.

तात्या म्हणाले, "अन् पोरगी बाटली म्हंजे?" म्हटलं, "आपला भैरवनाथ काय एवढा हलक्या कानाचा हाय व्हय?" पाहुण्यांनाही खरं तेच सांगितलं. मुलाच्या आईनं आधी पोहे संपवले, मग तोंड वाकडं केलं. रोहिदासरावांना सांग, सगळा दोष सासूचा.

पण माझा जीव थाऱ्यावर न्हाई तो ह्यानं न्हाई. टेम्पोत चढताना कोमल म्हणाली, "आजी, जाते."

केटीला मी शिकवत होते तेव्हा ही शेजारी उभी राहून हसत होती. ह्या घरात वाढलेली पोर. घाईत निसटलं का ठरवून म्हणाली? मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात परक्या पोरींचं येते-येते सुरू झालं. त्यात तिचा आवाज होता का, मला कळलं न्हाई.

तेव्हापासून झऱ्याला निघते अन् अर्ध्यातून माघारी येते. चूल पेटवते अन् विसरते. नवी वाट चांगली आहे, पाय घसरत न्हाई, तर त्याचाही राग येतो. टेकाडावरून तिला फोन लावला होता. म्हणाली, मजेत आहे. मी तेवढं विचारलं न्हाई. ठरवून म्हणाली असली तर काय करू?

तू जाऊन ये तिच्याकडं. फोनवर न्हाई कळायचं, फोनवर सगळीच 'ठेवते' म्हणतात. रागव हवं तर, पण पोटभर जेवू घालून रागव. अन् निघताना सहज विचार, आजीला काय सांगू.

ती जे म्हणेल ते एक अक्षर न बदलता मला लिही. लवकर लिही. माझ्यावरचा राग पानभर लिहिलास तरी चालेल, पण तिचं ते वरच लिही, म्हंजे मला आधी दिसेल.

त्या पोरींनी बांधलेल्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुझी आई
चंद्राबाई