सोडून दिलेले शिंपले

३ तारीख, सकाळ
बंदर ऑफिसची नोटीस. आमच्या फेरीबोटीच्या बुडाला परमुलखातले शिंपले चिकटलेत. ते इथल्या शिंपल्यांना जगू देत नाहीत म्हणे. तीस तारखेच्या तपासणीत बूड स्वच्छ नसेल तर दोन महिने फेऱ्या बंद. आमचं घर त्या फेऱ्यांवर चालतं. हे म्हणाले, खरवडणारा बोलावू. मी म्हटलं, मी काय मेले आहे? जन्मभर करपलेली पातेली घासली, बोट ती काय!

४ तारीख
बोट काठावर ओढली. जुनं उलथनं चालतं. तासात बादली भरली. नोटिशीत खाली लिहिलंय, खरवड पाण्यात टाकू नये, पिशवीत भरून, वाळवून पुरावी. जिवंत जीव पुरायचे! लिहिणाऱ्याला देवाधर्माचं काही शिकवलेलं दिसत नाही. आपण मॅट्रिक, आपल्याला कळतं कुठला नियम मनावर घ्यायचा. एकेक शिंपला नाम घेत धक्क्यावरून पाण्यात सोडला. एकशे आठ. जपही झाला, पिशव्याही वाचल्या.

७ तारीख
ह्यांनी विचारलं, खरवड कुठे टाकतेस. म्हटलं, जिथली तिथे. खोटं बोलले नाही.

११ तारीख
बूड लख्ख. बोट पाण्यात. आता तीस तारीख उद्या आली तरी चालेल.

१९ तारीख
भावजींची बोट आमच्या शेजारी. तिच्या बुडाला कधी काही नव्हतं, आता दाढी फुटल्यासारखं झालंय. म्हणाले, वहिनी, तुमचे पाहुणे आमच्याकडे मुक्कामाला आले. म्हटलं, बोट धुवायची सवय असती तर आले नसते. जाऊबाई पदराआड हसल्या. लक्षात ठेवलंय.

२५ तारीख
विश्वासघात! आमच्या बुडालाही परत. ज्यांना नाम घेऊन जीवदान दिलं, ते माझ्याच बोटीला! एकाला तर ओळखलं, कडेचा टवका माझ्या उलथन्यानं उडालेला. पुन्हा खरवडले. पुन्हा सोडले, पण या खेपेला चांगलं खडसावून.

२९ तारीख
धक्क्यावर कुजबुज. कुणीतरी मला बादलीसकट पाहिलंय. कोण चुगली करणार ते ठाऊक आहे. जाऊबाईंशी आज गोड बोलले. आमचे हे मात्र देवमाणूस. बावीस वर्षांत माझ्याविरुद्ध अक्षर काढलं नाही.

३० तारीख, दुपार
तपासणी. रांगेतल्या आठही बोटींना शिंपले. साहेबांनी विचारलं, खरवड पाण्यात कुणी टाकली? भावजी गप्प. जाऊबाईसुद्धा गप्प! हे पुढे झाले आणि म्हणाले, साहेब, आमच्या हिनं. मी रोज बघत होतो, आज थांबेल, उद्या थांबेल म्हणून.
बाकीच्यांना आठवड्याची मुदत. आमच्या फेऱ्या दोन महिने बंद.
मी म्हटलं, बघत होतात तर बोलायचं होतं. म्हणाले, बोलून तू कधी ऐकलंस?

३१ तारीख, संध्याकाळ
हे भावजींच्या बोटीवर तिकिटं फाडायला गेले. मोठा भाऊ धाकट्याच्या हाताखाली. मी सकाळीच ठरवलं, ह्यांच्याशी अबोला. आले की विचारतील, काय झालं गं. उत्तर द्यायचं नाही. पाणी दिलं, गप्प. पान वाढलं, गप्प. विचारण्याची वाट बघत ताटासमोर बसले. हे जेवून, हात धुऊन उठले.
तेव्हा कळलं, अबोला ह्यांनी कालपासूनच धरलाय.