वाचकबाईंचं तिसरं पत्र

१० ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि. (आजचा साष्टांग अगदी खराखुरा आहे, पायच धरायचेत.)

फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा वहिनींनी उचलला आणि मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. म्हणून पत्र. एकट्याने वाच.

माझ्या नवव्या कादंबरीतली बायको तुला आठवत असेल, नवऱ्याच्या हृदयाच्या गोळ्या एकेक करून बदलणारी. तो सगळा तपशील तूच तुझ्या औषधांच्या दुकानात बसून तपासला होतास. त्या पुस्तकावर एका वाचकबाईंची मला तीन पत्रं आली. पहिलं कौतुकाचं होतं. दुसऱ्यात त्यांनी विचारलं, की बदललेल्या गोळीची चव लागते का, आणि ती मिळते कुठे. दादा, बावीस वर्षं मला असले प्रश्न येताहेत. भेटेल ती बाई म्हणते, आमच्या साहेबांसाठी एखादी युक्ती सांगा, आणि आम्ही दोघी हसतो. त्याच सवयीने मी कार्डावर लिहून टाकलं, की चव अजिबात लागत नाही, पण ठिकाण सांगितलं तर माझा धंदा बसेल. खाली हसरा चेहरासुद्धा काढला.

परवा तिसरं पत्र आलं. चार ओळी. त्यात बाई लिहितात, की तुमच्या पुस्तकाने वाट दाखवली, सोमवारी मी सुटले, एकोणीस वर्षांनी खोलीत शांतता आहे, तुमचे उपकार विसरणार नाही.

मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद फाटलाय. नव्या कादंबरीचं पाचवं प्रकरण तसंच पडलंय, कुणाला मारायचं म्हटलं की हात आखडतो. यांना अजून काही सांगितलं नाही. सकाळी विचारत होते, चहात मीठ का घातलंस.

पाकिटावरचा पत्ता तुझ्याच गावचा आहे. टपाल कचेरीमागची इमारत, तिसरा मजला. तू जाऊन बघशील? तो माणूस जिवंत आहे एवढंच मला कळायला हवं.

वहिनींना नमस्कार, पण कारण सांगू नकोस. लोभ आहे तो हे वाचूनही टिकावा,
तुझी,
ठमी


१४ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंस, शहाणी आहेस. तरी तुझ्या वहिनीने माझं तोंड बघून ओळखलंच. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आपण दोघं जाऊ, एकटा पुरुष दारात दिसला तर कुणी बोलणार नाही. ते खरं निघालं.

आधी तुझ्या डोक्यातलं एक भूत उतरवतो. त्या कादंबरीतल्या औषधाचं नाव आपण दोघांनी बनवलं होतं, विसरलीस का? समोरच्यांच्या कुत्र्याच्या नावाला शेपूट जोडलं होतं. त्या नावाची गोळी जगात कुठेही मिळत नाही. तुझं पुस्तक उघडून कुणाला काही करता येणार नाही, याची काळजी मी पहिल्या पुस्तकापासून घेत आलोय.

आता बातमी, आणि ती अर्धीच आहे. काल दुपारी गेलो. दाराला कुलूप होतं. दुधाच्या पाच-सहा पिशव्या उंबऱ्याशी नासून पडल्या होत्या. शेजारच्या आजी वहिनीशी बोलल्या. त्याच सोमवारी सकाळी बाई दोन बॅगा घेऊन उतरल्या, कुठे ते माहीत नाही. आणि तेव्हापासून साहेब दिसलेले नाहीत. एरवी त्यांचा आरडाओरडा जिन्याच्या तळापर्यंत ऐकू यायचा म्हणे, आता चिमणीचाही आवाज नाही.

तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून लिहिलं. कुलूप बाहेरून आहे, हे ध्यानात घे. आत कुणी असतं तर इतक्या दिवसांच्या या उकाड्यात शेजाऱ्यांना कळल्याशिवाय राहिलं नसतं. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं यातलं.

उद्या पुन्हा जातो. तोवर जेवत जा. चहात साखर घाल.

तुझा,
दादा


१७ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कुलपाचं धीर द्यायला लिहिलंस हे मला कळलं, पण बाहेरून कुलूप लावलेल्या घरांवर मी तीन पुस्तकं लिहिलीत.

बनावट औषधाचं आठवलं, तरी मन मानत नाही. जिला शोधायचंच आहे तिला दुसरं काही सापडू शकतं. वाट दाखवली, असं लिहिलंय तिने. आणि तिने विचारलं तेव्हा मी काय केलं, तर चेहरा काढून पाठवला. आयुष्यभर मी माणसांच्या मनात काय चाललंय ते ओळखते म्हणून मिरवलं. कागदावरची माणसं ओळखली. समोर कागदावरच एक जिवंत बाई बोलत होती, ती ओळखता आली नाही.

प्रकाशकांना फोन करून पुढची आवृत्ती थांबवायला सांगितली. त्यांनी कारण विचारलं तर मी म्हणाले, तब्येत. ते बिचारे म्हणाले, पुस्तकाच्या छपाईला तुमची तब्येत कशाला लागते. यांना अखेर सगळं सांगितलं. त्यांनी तिन्ही पत्रं शांतपणे वाचली आणि म्हणाले, शनिवारी आपण दोघं पोलीस चौकीत जाऊ, तू एकटी जायचं नाहीस. इतक्या वर्षांत मला हा माणूस इतका आवडला नव्हता.

शनिवारपर्यंत काही कळलं तर तार कर, फोन कर, काहीही कर.

तुझ्या मायेवर सगळा भार टाकून,
ठमी


१८ ऑगस्ट

चि. ठमीस,
सगळे आशीर्वाद एकदम.

फोनवर एवढंच सांगितलं की जिवंत आहे, आणि तू रडायला लागलीस, मग मेहुणेबुवांनी फोन घेतला. आता सावकाश वाच.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हाही कुलूपच होतं. काल आम्ही पुन्हा जिना चढत होतो, तर वरून एक गृहस्थ बडबडत खाली येत होते, हातात नासलेल्या दुधाच्या पिशव्या. बायको नाही तर दूध बंद करायचं कुणाला सुचत नाही, असं ते इमारतीला सुनावत होते. चांगले टणक आहेत. चहासुद्धा करता येत नाही म्हणून इतके दिवस बहिणीकडे राहिले होते. तिथूनही बहुधा निघावं लागलं. वहिनीने गोड बोलून विचारलं, तर म्हणाले, ती गेली बाजारातल्या पडद्यांच्या दुकानात शिवायला, जाऊ दे, चार दिवसांत येईल रांगत.

आम्ही तसेच पडद्यांच्या दुकानात गेलो. बाई मागच्या खोलीत मशीनवर होत्या. बारीक चणीच्या, चष्म्याला दोरी. मी लेखिकेचा भाऊ, असं सांगितल्यावर त्यांनी आधी खुर्ची पुसली. मग तुला काय वाटलं होतं ते मी सांगितलं. त्या हसल्या आणि हसता हसता एकदम रडल्या. वहिनी त्यांच्याजवळ जाऊन बसली.

मग त्या जे बोलल्या ते शब्दांत बदल न करता लिहायचा प्रयत्न करतो. म्हणाल्या, की तुमच्या बहिणीला वाटलं ते खोटं नव्हतं, मी खरंच विचारलं होतं. एकोणीस वर्षं त्या घरात माझं नाव कुणी हाक मारायला घेतलं नाही, शिव्याच होत्या. तुमच्या बहिणीचं कार्ड आलं, तेव्हा दोन दिवस मी रागात होते. मग वाटलं, कुणी तरी माझ्याशी थट्टा केली, साध्या माणसाशी करतात तशी. मी पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं. त्यातली बायको नवरा मेल्यावरही त्याच्या खोकल्याला दचकते, त्याचं ताट मांडते, त्याच स्वयंपाकघरात म्हातारी होते. पहिल्यांदा वाचताना मी तो भाग उड्या मारत संपवला होता. या वेळी नीट वाचला. म्हटलं, मारून हा माणूस जाणारच नसेल, तर तो जिवंत असताना मीच निघालेलं बरं.

दुकानाच्या वर त्यांना एक खोली मिळाली आहे. वहिनीने तिथे जाऊन खिडकी पाहिली आणि पसंत केली, जणू हिलाच राहायचंय.

शनिवारी चौकीत जाऊ नका. फिरायला जा.

माया आहेच, ती मागायला नको,
दादा


२९ ऑगस्ट

ती. दादा आणि वहिनींस,
सा. न. वि. वि.

शनिवारी आम्ही फिरायला गेलो. यांनी बाकावर बसून दोन तास वर्तमानपत्र वाचलं आणि मी नुसती माणसं येताजाताना बघत बसले. कुणाच्या खिशात काय असेल असा विचार एकदाही आला नाही. जेवण जातंय. सकाळी नऊपर्यंत झोपले तर यांनी आरसा नाकाशी धरून श्वास तपासला. माझ्याच पुस्तकातून शिकलेत.

बाईंना पत्र लिहिलं. या वेळी चेहरा काढला नाही. आधी क्षमा मागितली. तुम्ही खरंच विचारत होता आणि मी ऐकलं नाही, असं सरळ लिहिलं. त्यांचं उत्तर आलं. त्यांनी पडद्यांच्या कापडाचा एक तुकडा पाठवलाय, निळा, आणि म्हटलंय, की अशी मनं अशीच लिहीत जा, पण पुढच्या पुस्तकात शिवणाऱ्या बाईला मारू नका. सुटका झाली म्हणून माझं ते कार्ड बरं ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. आता आलेलं प्रत्येक पत्र दोनदा वाचते आणि दुसऱ्या दिवशीच उत्तर देते. प्रकाशकांना तब्येत सुधारल्याचं कळवलंय.

वहिनी, तुम्ही दारात उभ्या राहिला नसता तर शेजारच्या आजी बोलल्या नसत्या. पुढच्या पुस्तकातली तपास करणारी बाई कुणासारखी असेल, हे दादाला सांगू नका.

आणि दादा, पाचवं प्रकरण सुरू झालं. आज सकाळी एका विमा एजंटाला जिन्यावरून ढकलला. फार बरं वाटलं. नेमका कितव्या पायरीवर मेला ते तेवढं तपासून कळव.

लोभ वाढला आहे, आता तो कमी करू नका,
तुमची,
ठमी