माझ्या झग्याच्या चिंध्या

लिमा, मठाचा दवाखाना

आई, तुझ्या पाया पडतो.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्यासारखाच काळा, रुग्णांची घाण काढणारा ब्रदर इलारियो परवा वारला. जन्मभर त्याला "काळं कुत्रं" म्हणणारेच "संत गेला" म्हणत कात्र्या घेऊन आले आणि पवित्र ठेव म्हणून त्याचा झगा कापून नेला. प्रेत उघडं पडलं, म्हणून मी त्याला माझा झगा घातला. तोही नेला!

त्यातली चिंधी इथली बडी गोरी बाई, दोन्या उर्सुला, डोळ्यांना लावत होती. मी म्हटलं, "बाई, हा माझा झगा."

"लांब हो, काळ्या! हात लावून बाटवशील."

थंडी फार आहे. नवा झगा पाठव. काळजी करू नकोस, मी जिवंत आहे तोवर त्याला कुणी हात लावणार नाही.

तुझाच,
सिप्रियानो