वरतोंडी की पुढतोंडी

१ डिसेंबर
हौसा, लिहायला फार उशीर झाला, राग धरू नकोस. तुला वाचता येत नाही आणि मला नीट लिहिता येत नाही, चौथीत शाळा सुटली. पण तू सांगलीला सुमनकडं गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून ह्या वहीत लिहितोय. आजपासून नेमानं लिहीन.
आज सुमनचा फोन आला. आपली लेक असून दरडावून बोलते. "बाबा, आईच्या गुडघ्याचं आपरेशन झालंय. आता तिला दगडावर बसून धुणं करता यायचं न्हाई. घरात मशीन येईपतुर मी आईला धाडणार न्हाई."
मी म्हटलं, "मग आणतो की मशीन!"
बोलून गेलो. आपल्या वस्तीवर धुण्याचं मशीन! टाकी भरलेली असली म्हणजे झालं. वीज गेली तर? उंदरानं वायर कुरतडली तर? पण आणायचंच. तू घरी यायला हवीस.

३ डिसेंबर
तुकाला घेऊन म्हसवडला दुकानात गेलो. तुका म्हणजे माझा जुना गडी, सोबतीनं मेंढरं वळली आम्ही. दुकानदार पोरगेला. म्हणाला, "काका, टॉप लोड दाखवू का फ्रंट लोड?"
"म्हंजे?"
एकाचं तोंड वर, एकाचं पुढं. मी आपली नावं ठेवली, वरतोंडी आणि पुढतोंडी.
वरतोंडीत उभ्यानं कपडे टाकायचे. नळाला पाणी नसलं तर बादलीनं ओतता येतं. मधेच झाकण उघडून राहिलेला टॉवेल टाकता येतो. पुढतोंडीला पाणी कमी लागतं, कपडा कमी झिजतो, पण वाकावं लागतं आणि वेळ फार घेते. तिला पुढून गोल काच. तुका काचेत वाकून म्हणाला, "गड्या, ह्याच्यात बातम्या बी लागत्यात का रं?" दुकानदार हसला. मी नाही हसलो, मला आतली भोकं भोकं पडलेली पत्र्याची पिंपं बघायची होती. किती चकचकीत! हात लावून बघितला. बोटाचा डाग पडला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

४ डिसेंबर
डोकं चालेना. तुझे गुडघे बघितले तर वरतोंडी. आपला नळ बघितला, एक दिवसाआड येतो, तर पुढतोंडी. तुका म्हणतो, "मेंढी घेताना आधी तोंड बघतोस न्हवं? मग हितं बी तोंड बघून घे." त्याला सगळंच सोपं. सकाळी पुढतोंडी, दुपारी वरतोंडी, चहा झाल्यावर परत पुढतोंडी.
ठरवलं, सुमनकडं पुढतोंडी आहे. जाऊन चालताना बघतो. आणि खरी परीक्षा करतो. जे मशीन घोंगडं धुईल तेच मशीन.

७ डिसेंबर, सांगली
काय सांगू काय झालं. तुला माहीतच आहे, तू तिथंच होतीस, पण माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.
तू काठी धरून चालतेस, ते बघून बरं वाटलं. तुझं अंग भरलंय. गालावर तजेला आलाय. सुमननं माझ्यासमोर मशीन लावलं. काचेमागं कपडे असे फिरत होते, वाघुराच्या जाळीत नवी मेंढरं कोंडल्यावर गोल गोल पळतात तसे. मी पाटावर बसून सगळं धुणं संपेपर्यंत बघितलं. सुमन म्हणाली, "बाबा, उठा की आता, शिनेमा न्हाई त्यो."
मग ती बाजारात गेली, तू पडली होतीस. मी पिशवीतून घोंगडं काढलं. घोंगड्याला साबण लावायचा नसतो, हे काय मला कळत नाही? वाहत्या पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, चिंचोक्याची खळ द्यायची. पण म्हटलं, मशीन एवढं शहाणं, ते आपलं बघून घेईल. मळ जुना म्हणून चक्र गरम पाण्यावर फिरवलं.
थोड्या वेळानं दणादणा आवाज. मशीन जागचं हललं! न्हाणीघरातून दाराकडं चालत यायला लागलं. मी काचेचं दार ओढतोय, उघडत नाही. तू काठी टेकत आलीस. "आवं, बंद करा की त्याला!"
"बंद हुईना गं! दात आवळून बसलंय!"
तू भिंतीवरचं बटण बंद केलंस तेव्हा ते थांबलं. दार तरी उघडेना. आत घोंगडं काळ्या पाण्यात मेलेल्या रेड्यासारखं पडलं होतं. सुमन आली, तिनं खालच्या झाकणातून पाणी सोडलं, मग दार उघडलं. घोंगडं निघालं ते फळीसारखं घट्ट आणि निम्मं झालेलं. खालच्या जाळीत लोकरीचा बोळा.
सुमन म्हणाली, "बाबा, ह्यात घोंगडं घालतंय व्हय कोण?"
तू म्हणालीस, "असू दे गं. आता कोकराच्या अंगावर टाकतील." आणि एवढी हसलीस की काठी खाली पडली. आपरेशन झाल्यापासून तुला हसताना बघितलं नव्हतं. जाळी मी बोटानं स्वच्छ केली. जावई कामावरून आले, सगळं ऐकलं आणि मशीन परत जागेवर ढकललं. त्याचंच जास्त लागलं.

८ डिसेंबर
एसटीत ठरलं. वरतोंडी! झाकण कधीही उघडतं. आत काय अडकलं तर बाहेर काढता येतं. आणि तुला वाकायला नको. म्हसवडला उतरलो ते तडक दुकानात. "वरतोंडी ठेवा आमच्या नावानं." दुकानदार म्हणाला, "वरतोंडी काय काका?" बोट करून दाखवली.
घरी येऊन न्हाणीशेजारची जागा रिकामी केली. दोन पोती आणि जुनी खाट हलवली. भुई झाडली. तिथं मशीन उभं आहे असं समजून एकदा शेजारून चालून बघितलं. जागा होते.

१० डिसेंबर
आज तुला फोनवर सांगितलं. वाटलं होतं आनंद होईल.
तू म्हणालीस, "कुठलं बी आणा. पण धुणं लावणार कोण?"
"कोण म्हंजे? तूच की."
"मग काय फरक पडला वो? दगड गेला, मशीन आलं. कपडं गोळा मीच करायचं, वलं पिळं मीच उचलायचं, वाळत मीच घालायचं. डागदरनं वजं उचलू नका म्हटलंय. हितं जावई कपडं वाळत घालत्यात, ह्या डोळ्यांनी बघते मी. तुमी धुणार असला तर येते. न्हायतर मी हितंच बरी हाय."
हितंच बरी हाय.
फोन तू ठेवलास की कट झाला, कळलं नाही. परत लावला नाही. भाकरी केली, खाववली नाही.

११ डिसेंबर
दिवसभर राग. एवढ्या वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं. तुकाला सांगितलं. तो म्हणाला, "बायकूची लुगडी धुवायचं वय हाय का रं आपलं?" आणि फिदीफिदी हसला.
त्याच्या हसण्याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग आला. म्हटलं, "तुका, कातरणीच्या आधी मेंढरं कोण धुवत होतं? बायका?"
"ते येगळं. ते गड्याचं काम."
"वढ्यात कमरंएवढ्या पाण्यात उभं राहून एकेक मेंढरू चोळलंय आपण. मेंढरू लाथा मारायचं, तोंडावर पाणी उडवायचं. लुगडं काय लाथ मारतंय व्हय?"
तुका तंबाखू मळायला लागला. मेंढरं धुवून वर काढली की पांढरीशुभ्र दिसायची, आम्ही काठावर बसून बघत राहायचो. जमेल की. का नाही जमणार?

१२ डिसेंबर
पहाटेच उठलो, कधी दुकान उघडतं असं झालं. धुणार मी, तर मशीन माझ्या अंगाला बसायला हवं! इतके दिवस तुझे गुडघे मोजत होतो, माझी उंची कुणी बघितलीच नाही.
एकटाच गेलो. दुकानदाराला म्हटलं, उघड. वरतोंडीत माझा टॉवेल टाकला आणि काढायला गेलो. हात तळाला पोचेना. टाचा उचलल्या, तरी नाही. पोट कडेवर टेकवून आत वाकलो, पाय जमिनीवरून सुटले.
"काका! आत पडाल!" दुकानदार आणि एक गिऱ्हाईक, दोघांनी धरून काढलं.
मग म्हटलं, पाट आण. त्याच्याकडं पाट कुठला, प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल आणलं. पुढतोंडीसमोर बसलो, शेळीची धार काढायला बसतो तसा. सगळं हाताशी! टॉवेल आत, टॉवेल बाहेर. परत आत, परत बाहेर. गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत. वाकायलाच नको, बसून काम. धार काढणं, मेंढरं कातरणं, सगळं असंच बसून तर केलंय.
दाराची भीती सांगितली. तो म्हणाला, "थांबवायचं बटण दाबायचं, पाणी निघून जाऊ द्यायचं, दार आपोआप सुटतंय. वढायचं न्हाई." म्हणजे दमानं घ्यायचं. ते मला अवघड, पण शिकेन.
"मग काका, त्या दिवशीची वरतोंडी नको?"
"नको. पुढतोंडी." त्यानं माझंच नाव उचललं, ह्याचं लय बरं वाटलं.

१४ डिसेंबर
साठलेलं सगळं धुणं आज काढलं. मशीन यायच्या आधी हाताला सवय असावी. तुझ्या दगडावर बसलो. तुझी दोन लुगडी मागं राहिलेली, तीही घेतली. कंबर धरली. बाहेर दोरीवर वाळत घातलं. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबल्या. एकीनं विचारलं, "हौसाकाकू आल्या व्हय?"
"न्हाई. मीच हाय."
त्या पदर तोंडाला लावून गेल्या. गेल्या तर गेल्या.
लगेच तुला फोन लावला. सगळं सांगितलं. स्टूल, टॉवेल, लुगडी. तू म्हणालीस, "रंगाचं येगळं काढलं हुतं का?"
नव्हतं काढलं. माझे दोन्ही लेंगे गुलाबी झालेत. ते ऐकून तू हसशील वाटलं, हसली नाहीस. म्हणालीस, "दोरीवर पिळून घातलं का निथळत?"
"पिळून."
"बरं. इचार करून सांगते."

१६ डिसेंबर
दुकानदाराचा फोन. गाडी कधी धाडू? त्याला म्हटलं, थांब जरा. तो म्हणतो, किती थांबू काका?
काल फोन नाही, आज नाही. सुमनला विचारलं तर म्हणते, आई काय बोलत न्हाई, गच्चीवर जाऊन बसती. रागानं बसतेस की विचार करत?
हौसा, मी धुणार. वाळत घालणार, घड्याही घालणार, त्या वाकड्या येतील. तू नुसती बसून सांग. पण काय ते लवकर कळव. आलीस तर मशीन लगेच आणतो. येणार नसलीस तर मशीन आणून काय करू, माझ्या एकट्याच्या दोन लेंग्यांना दगड पुरतो.