आईचं मत नव्हतं ते

चाकण

तीर्थरूप दादा,

स्वप्नाचा नमस्कार. मी बरी आहे, डबा वेळेवर मिळतो. तुमचा गुडघा कसा आहे?

काल आईचा फोन आला. म्हणाली, "निकाल लागल्यापासून ह्ये माझ्याशी बोललं न्हाईत गं. मी समद्यांसारखंच बटन दाबलं व्हतं."

दादा, आई खरं सांगते. पठारावर पाणी यावं म्हणून सगळी वस्ती एका बाजूला होती. दुसऱ्या बाजूला पडलेलं ते एकच मत माझं. उमेदवार आईच्या माहेरचा, म्हणून तुम्ही तिच्यावर संशय घेतलात. मतदानाला घरी आले तेव्हा मी त्याला मत दिलं, कारण इथे आम्हा कामगार मुलींसाठी वसतिगृह बांधीन असं तो बोलला होता. शहरात कोणाचं मत कुठे गेलं ते कळत नाही. आपल्या छोट्या मतदान केंद्राची मतं वेगळी मोजली की एक मतही उघडं पडतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तुम्ही वस्तीला आपल्या घराचा शब्द दिला होता. तो मी मोडला. हे पत्र सगळ्यांना वाचून दाखवा. मला घरी बोलावू नका हवं तर. पण आज जेवताना आईकडे एक भाकरी तरी मागा.

तुमचीच,
स्वप्ना