अनुमोदकाचं नाव

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

धाकूंचा अर्ज आला. माहिती अधिकाराचा. रेघांच्या कागदावर, स्वतःच्या हातानं लिहिलेला. फेब्रुवारीच्या ग्रामसभेत डोंगरावरच्या बंगल्यांना ना-हरकत दिली, त्या ठरावाची प्रत हवी. मी आवक शिक्का मारला, पोच दिली. या पंचायतीची सचिव मी, त्यामुळे उत्तरावर सहीही माझीच असणार.

इथे तरी खरं लिहू. असा ठराव त्या सभेत झालाच नाही. सभा संपली, लोक घरी गेले. सरपंच श्रीनाथबाब म्हणाले, इतिवृत्ताच्या वहीत अर्धं पान कोरं ठेवा. तीन दिवसांनी त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. सूचक त्यांचा पुतण्या. अनुमोदक कोण घालायचा? हजेरीच्या सह्या चाळल्या आणि धाकूंचं नाव घातलं. पाडेली माणूस, नारळ पाडण्यासाठी गावात घरोघरी जाणारा, सगळ्यांच्या विश्वासाचा. त्याचं नाव असलं की उद्या कोणी बोलणार नाही, असं श्रीनाथबाब म्हणाले.

अक्षर माझं. छान, वळणदार.

१४ ऑगस्ट

श्रीनाथबाबना अर्ज दाखवला. चिडले नाहीत. तीस दिवस जाऊ द्या, मग सापडत नाही म्हणून कळवा, म्हणाले. जाता जाता हेही म्हणाले की डिचोलीच्या बदलीचं वर बोलणं झालंय, चतुर्थीनंतर काम होईल.

चार वर्षं मी डिचोलीहून इथे स्कूटरने येते-जाते. माझी मुलगी सेजल आता दुसरीत आहे. सकाळी मी निघते तेव्हा ती झोपलेली असते. हे सगळं खरं आहे. पण म्हणून मी गप्प बसले, असं लिहायला हात धजत नाही. गप्प बसले, एवढं मात्र खरं.

२ सप्टेंबर

धाकू ऑफिसात आले. अर्जाचं विचारायला आले असतील असं वाटलं. तर गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायला सुपारीचा घड घेऊन आले होते. तुमच्या गणपतीला, म्हणाले. मग बसले आणि सांगू लागले. डोंगर कापल्यापासून झरीला तांबडं पाणी येतं. बायको रत्ना तीन वेळा फडक्यातून गाळते, तरी तळाला माती राहतेच.

"बाय, माका कोणाशी भांडूचा नाय. कोणी हो म्हटल्यान, तेवढाच बघूचा आसा."

मी म्हटलं, शोधतेय. वही माझ्या मागच्याच कपाटात होती.

११ सप्टेंबर

'सदर ठराव कार्यालयीन अभिलेखात आढळून येत नाही.' सही केली. आज तिसावा दिवस.

२९ सप्टेंबर, रविवार

ग्रामसभा. रीतीप्रमाणे मागच्या सभेचं इतिवृत्त मी वाचून दाखवलं. धाकू उठले. हातात माझं उत्तर.

"आता वाचलंस ती वही गावता, मग त्याच वहीतलो फेब्रुवारीचो ठराव कसो गावना नाय?"

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मी पाणी प्यायले. श्रीनाथबाबनी माइक बंद करायला लावला. धाकू माइकशिवाय बोलत राहिले. शिवी नाही, आरडाओरडा नाही. माझ्या पाण्याचं माझ्या गावात मी विचारणार नाही तर कोण विचारणार, एवढंच. पंधरा मिनिटांत पोलीस आले आणि त्यांना बाहेर घेऊन गेले.

३० सप्टेंबर

तक्रार तयारच होती. सभेत गोंधळ घातला, सरकारी कामात अडथळा आणला, सचिवांच्या अंगावर धावून गेला. अंगावर धावून गेला! माणूस जागेवरून एक पाऊल हलला नव्हता. सही माझी लागणार होती. केली.

धाकूंना सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं. दुपारी रत्ना पंचायतीत आली आणि बाकावर बसली. काही मागितलं नाही. मी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

४ ऑक्टोबर

बदलीचा आदेश आला. डिचोली! नवऱ्याने, योगेशने, पेढे आणले. सेजलने दोन खाल्ले. मी एकही घेतला नाही. उपास आहे म्हणून सांगितलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

धाकूंच्या अपिलाची सुनावणी, गटविकास अधिकाऱ्यांपुढे. काल ठरवून टाकलं होतं, सगळं सांगायचं. वही पिशवीत घालून नेली. जाताना रस्त्यावर म्हापशाच्या बाजाराला निघालेल्यांची गर्दी होती. सगळा वेळ मी पहिलं वाक्य घोकत होते.

आत गेल्यावर धाकूंनीच कागद पुढे केला. अपील मागे घेतो. साहेबांनी विचारलं, दबाव आहे का? नाही म्हणाले. पाच मिनिटांत संपलं.

जिन्यावर त्यांना गाठून विचारलं, असं का केलंत. म्हणाले, परवा सरपंच घरी येऊन सांगून गेले की कागद निघाला तर वर कोणाला काही होणार नाही, मरेल ती बाई.

"माज्या कागदापायी तुजी नोकरी जाता नये, बाय. तुजा चेडू ल्हान आसा."

जिन्यावर आम्ही दोघंच होतो. वही पिशवीत होती. मी म्हटलं, उशीर होतोय.

आणि घरी परतताना धारगळ गाव मागे पडेपर्यंत मला हलकं वाटत होतं. हेही लिहून ठेवते. हलकं वाटत होतं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

इथला शेवटचा दिवस. कार्यभार सोपवण्याआधी त्या पानाची प्रत काढली. साक्षांकित केली, सही केली आणि धाकूंच्या घरी गेले. ओळीखाली बोट धरून त्यांनी वाचलं. अनुमोदकाशी बोट थांबलं.

"ह्या माजा नाव कोणी घातल्यान?"

"मी."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग आत जाऊन शर्ट बदलून आले आणि म्हणाले, हेच सांगायला माझ्याबरोबर पोलिसात येणार का, आत्ता.

मी गेले. माझा जबाब चार पानी झाला. प्रत्येक पानावर सही केली.